बोट न दाखवणारा माणूस

गाव सोडताना चैत्याबाबा डोंगराच्या पायथ्याशी थांबायचा, चपला काढायचा आणि ऐनाच्या झाडाखालच्या उभ्या दगडाला सांगायचा, "सफाल्याला जातों. दिस बुडाच्या आत येन." परत आला की पुन्हा थांबायचा. तेव्हा एकच शब्द, "आलों."

मी सरकारी मोजणीला त्या पाड्यावर गेलो, तेव्हा तीन दिवस त्याच्याच अंगणात जेवलो. माझ्या मोजणीयंत्राची त्याला गंमत वाटे. "भाऊसाहेब, तुझा जनावर तीन पायांचा. चरत नाय, नुसता बघत रायते." मग स्वतःच खोकेपर्यंत हसायचा. सत्तरीचा, काटकुळा माणूस. दोन एकर उताराची वरकस जमीन, त्यात नाचणी. मला वाढताना भाकरी मोडून मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "तू चालतोस, मी बसलाय."

दुसऱ्या दिवशी त्याने मला दगडाची गोष्ट सांगितली. एका कुमारिकेला वाघाच्या रूपाचं मूल झालं, तोच हा दगडातला देव. गावाने तिला शिवेबाहेर काढलं. लोक ओळीने उभे राहिले आणि सगळ्यांनी बोट करून तिला वाट दाखवली. जाताना ती पोराला म्हणाली, येते. आली नाही. कातळावर एक खळगा होता, त्यात पावसाचं पाणी होळीपर्यंत टिकायचं; तो तिच्या शेवटच्या पावलाचा. "पोर तवापासून वाट बघते," बाबा म्हणाला. "म्हनून आमी जाताना सांगतों, आल्यावर सांगतों. आनखी कोनाची वाट त्याला बघाला लागू नये. आन त्याच्याकडं कोन बोट करत नाय. बोट म्हंजे, जा."

हे मी नीट ऐकलं होतं. हे महत्त्वाचं आहे, म्हणून लिहितो.

तिसऱ्या दिवशी पंचनामा होता. डोंगर खाणीसाठी मागितला होता. त्यावर गावाचं देवस्थान असेल तर तेवढा भाग वगळायचा, असं ठरलेलं. साहेब आले, पंच आले. साहेबांनी चैत्याबाबाला विचारलं, देव कुठे आहे, दाखव. बाबा दगडाकडे तोंड करून हात जोडून उभा राहिला. साहेबांनी पुन्हा विचारलं. बोटाने दाखव, नकाशावर खूण करायची आहे. बाबाने माझ्याकडे पाहिलं. पाड्याबाहेरचा, ती गोष्ट माहीत असलेला तिथे मी एकटाच होतो.

मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

मला कोणी धमकावलं नव्हतं, काही देऊही केलं नव्हतं. ऊन होतं, जीप खाली उभी होती आणि साहेबांना जेवायला जायचं होतं. साहेब म्हणाले, लिहा. मी लिहिलं, 'स्थानिकांस देवाची जागा दाखविता आली नाही.' अक्षर माझं चांगलं आहे. बाबाचा अंगठाही मीच घेतला. शाई पुसायला त्याला कागद दिला, तर त्याने तो घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या वर्षी सुरुंग लागले. धुळीने बाबाची छाती भरली, तेव्हा लेक त्याला बेटेगावला घेऊन गेली. जाताना तो झाडाखाली थांबला होता म्हणे. "लेकीकडं जातों, येन," असं सांगून गेला. नंतर झाड गेलं, दगड गेला, खळगाही गेला.

सहा वर्षं मी पालघरच्या घरी हे कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. शेवटी बेटेगावला गेलो. बाबा चाळीच्या ओट्यावर बसलेला, समोरून बोईसरच्या कारखान्यांचे कामगार हिंदीत बोलत चाललेले. त्याने मला ओळखलं. "तुझा जनावर कुठं?" म्हणाला. मी सांगून टाकलं, मला गोष्ट माहीत होती, मी बोललो नाही.

"ठाव हाय," तो म्हणाला. "तू पायाकडं बघत होतास." मग बराच वेळ खोकला. "माजा एक काम कर. मी येन म्हनून सांगून आलाय. आता माजा येना नाय होनार. त्याला सांग, माजी वाट नको बघू."

मी म्हणालो, बाबा, तिथे आता काही नाही. कुणाला सांगू?

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. लहान मुलाकडे बघावं तसा. "दगड गेला," म्हणाला. "वाट बघनारा कुठं जाईल?"

महिन्याभरात तो गेला. मी खाणीवर गेलो. डोंगराच्या जागी खड्डा, तळाशी हिरवं पाणी. देव कुठल्या बाजूला होता, हे मला, मोजणीवाल्याला, सांगता येईना. चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणालो, चैत्याबाबा येणार नाही. वाट बघू नको.

एवढंच सांगायचं होतं. पण वळताना तोंडातून निघून गेलं, "पालघरला जातो. येईन."

तेव्हापासून मला जावं लागतं. दर दोन-तीन महिन्यांनी सफाळ्याला उतरतो, रिक्षा करतो, खड्ड्याच्या काठाशी चपला काढतो आणि सांगतो, "आलो."