टीव्हीतल्या बैलाला आवतण

नेरला बसस्टँडच्या मागे माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आठवड्यातून एखादा तरी येतो... "फोनमध्ये काहीतरी आहे भाऊ, आपोआप चालू होते." मी मागचं झाकण काढतो, अडकलेलं बटन दाखवतो आणि त्याला परत पाठवतो. भुताखेतांवर माझा विश्वास किती, ते यावरून समजून घ्या. या सदरातले अनुभवही मी आजवर चहासोबत, करमणूक म्हणून वाचत आलो. आज स्वतः लिहायला बसलोय, आणि डोकं तापलेलं आहे. भाषा कडू वाटली तर वाटू द्या.

आमचं गाव नेरपासून जवळच. घरात आई, बाबा, मी, आणि माझा मोठा भाऊ म्हणजे दादा. शेती दादा बघतो. आमच्याकडे बैलांची एक जोडी होती, लाल्या आणि चांद्या. चांद्याच्या कपाळावर पांढरा गोल ठिपका होता आणि डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं होतं. तो वासरू असताना त्याची माय मेली, तेव्हा बाबांनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आम्हा दोघा भावांना बाबांनी कधी असं मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही. याचा राग नाही, सांगून ठेवतो.

मागच्या पोळ्याच्या आधीचा जो पोळा, तो झाल्यावर बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते यवतमाळला दवाखान्यात असताना दादानं जोडी बाजारात नेऊन विकली. कुणाला विचारलं नाही. घ्यायला आलेला माणूस पार फुलसावंगीचा निघाला, म्हणजे आम्ही जिल्ह्याच्या या टोकाला तर तो त्या टोकाला. बाबा डोळ्याला हिरवी पट्टी बांधून घरी आले आणि आधी गोठ्यात गेले. हातानं दोन्ही दावी चाचपली. मी दारात उभा होतो, मलाही तेव्हाच कळलं.

"तुमचे गुडघे गेले बाबा," दादा म्हणाला. "ट्रॅक्टर आहे ना आता. बैल कायले पोसाचे?"

 त्या दिवसापासून दादाशी बोलणंच बंद. मीठ पाहिजे असलं तरी आईला म्हणायचे, "त्या ट्रॅक्टरवाल्याले सांग, मीठ सरकव." जेवण अर्ध्यावर आलं. पट्टी निघाली, नजर स्वच्छ झाली, पण माणूस दिवसभर रिकाम्या गोठ्याकडे तोंड करून बसायचा. आई मला म्हणायची, "याइले कशात तरी गुंतव रे, नाही तर हा माणूस हातचा जाईन."

दुकानात एकानं जुना गेम खेळायचा डबा आणून टाकला होता, दोन रिमोटसकट. तो दुरुस्त करून घरच्या टीव्हीला जोडला. त्यात शेतीचा एक गेम होता, परदेशातली शेती... मोठमोठी यंत्रं, लाल छपराची घरं. पण खोदून बघितलं तर त्यात जुन्या काळची शेती असा एक प्रकार निघाला, त्यात बैल होते. दोन. मी बाबांच्या हातात रिमोट दिला. त्यांनी तो दिवाळीच्या फटाक्यासारखा लांब धरला.

मग पुढच्या पोळ्यापर्यंत आम्ही दोघं खेळलो. मी दुकान बंद करून यायचो आणि चहा घेऊन बसायचो. बाबांची बोटं जाड, एक बटन दाबायला जायचे तर दोन दाबली जायची. पहिल्यांदा पडद्यावर बर्फ पडला तेव्हा ते चिडले.

"हे काय पडून राह्यलं बे?"

"बर्फ आहे बाबा. तिकडे पडते."

"पडते हे माहीत होतं त मंग गहू कायले पेरला त्या येड्यानं?"

ज्या येड्यानं पेरला तो येडा आम्हीच होतो, पण हे सांगायची सोय नव्हती. डावा बैल चांद्या, उजवा लाल्या, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. आणि सोमवारी बैल जुंपायचे नाहीत. आमच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, महादेवाचा वार. गेमला हे कोण सांगणार? गेममध्ये नांगरट लांबली की पेरणी चुकते आणि पीक सडतं. आमचं दोनदा सडलं. मी म्हणालो, बाबा, हे खरे बैल नाहीत. ते म्हणाले, "मंग तू काहून रोज खेळून राह्यला?" मी माझा रिमोट उचलला.

लोक हसले. पानटपरीवर मला विचारायचे, "काय म्हणते तुह्या बापाची शेती, सोयाबीन निघालं का?" दादाही हसायचा, आणि त्याचं हसणं मला सगळ्यात जास्त झोंबायचं. पण बाबा पुन्हा भाकर खात होते, आईशी भांडत होते. त्या डब्यानं माझ्या बापाला परत आणलं असं मी आजही म्हणतो. ज्याला हे पोरखेळ वाटतं त्यानं एकदा आपल्या बापाला महिनोन्‌महिने रिकामी दावी बघत बसलेलं बघावं.

आता मुद्द्यावर येतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद कोमट करून जू घासतं त्या जागी चोळायची आणि बैलाला जेवणाचं आवतण द्यायचं. त्या संध्याकाळी बाबा वाटी घेऊन गोठ्यात न जाता बैठकीत आले. मला म्हणाले, "लाव." मी गेम लावला. दोन्ही बैल पडद्यावर शेजारी उभे केले. बाबांनी चार बोटं तुपात बुडवली आणि डाव्या बैलाच्या खांद्यावरून, म्हणजे टीव्हीच्या काचेवरून, सरळ ओढली. मग उजव्याच्या.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," ते म्हणाले.

आई दारातून ओरडली, "आता टीवी बी नासवा." बाबा म्हणाले, उद्यापर्यंत कोणी पुसायचं नाही. मी टीव्ही बंद केला. काळ्या काचेवर हळदीचे चार-चार पट्टे होते, डावीकडे आणि उजवीकडे. तूप थिजून त्यांच्या कडा जाड झाल्या होत्या. हे मी नीट बघितलंय, म्हणूनच सांगतोय.

सकाळी उठलो तर उजवीकडचे पट्टे तसेच, डावीकडची काच कोरी. मी आईवर चिडलो. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून सटकलो. दादाला विचारलं, तो म्हणाला, "मले काय पडलं तुमच्या नाटकाचं."

दुपारून गावचे बैल मारुतीसमोर तोरणाखाली गेले. दादानं ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला आणि तो दारासमोर उभा केला. बाबा ओट्यावर पाठ फिरवून बसले होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी चांद्या दिसला.

अंगावर झूल नाही, गळ्यात दोर नाही. कपाळावर ठिपका, डावं शिंग तुटकं. चालत सरळ आमच्या ओट्यापर्यंत आला आणि थांबला. बाबा वळले. म्हणाले, "आला," एवढंच. आई ताट घेऊन बाहेर आली. त्यानं पुरणपोळ्या खाल्ल्या, बाबांचा तळहात चाटला. मी जवळ गेलो. त्याच्या खांद्यावर हळद होती, चार पट्टे, आखल्यासारखे सरळ. बैलाचा खांदा गोल असतो. हातानं चोळलं की हळदीचा डाग पसरतो, अशा रेघा उठत नाहीत. अशा रेघा सपाट काचेवरच उठतात.

मग तो ट्रॅक्टरला वळसा घालून दादाकडे गेला. दादा भिंतीला टेकला होता. चांद्यानं मान त्याच्या छातीला घासली, लहानपणी घासायचा तशी. दादाच्या पांढऱ्या शर्टावर पिवळा डाग पडला. तेवढ्यात मारुतीसमोरचं तोरण तुटून पोळा फुटला, गल्लीत बैलांची आणि पोरांची गर्दी घुसली, आणि त्या गर्दीत तो कुठे गेला ते कुणालाच सांगता आलं नाही.

बाबा खूश होते. म्हणाले, दावं तोडून आला असेल, भाकरीला जागला, आता आपल्या कामावर परत गेला असेल. आम्हीही तेच धरून चाललो, दुसरं काय धरणार?

"लाल्या नाही आला," आई म्हणाली.

"त्याले तिकडचं आवतण असन," बाबा म्हणाले. "चांद्याले नसन देल्लं कोणी."

आणि मग त्यांनी दादाकडे बघितलं. वर्षभरानं. "शर्ट बदल," म्हणाले. "त्यानं तुयावर राग नाही धरला, मंग मी कोण?"

दादा मोरीवर जाऊन रडला. दोन दिवसांनी मला म्हणाला, चल, चांद्याला परत घेऊन येऊ, दोन्ही आणू. दारव्हा, दिग्रस, पुसद करत आम्ही फुलसावंगीला पोचलो. बैल घेतलेला माणूस नामदेवराव, भला माणूस. त्यानं पाणी दिलं. गोठ्यात लाल्या एकटाच होता. त्यानं मला ओळखलं.

"चांद्या त वैशाखातच गेला हो," नामदेवराव म्हणाले. "अवकाळी आला, झाडावर वीज पडली. खालीच बांधलेला होता. तुमच्या बाबांले कोणत्या तोंडानं सांगावं म्हणून फोन नाही केला." त्यांनी बांधावरची जागा दाखवली. मातीवर गवत उगवलं होतं. पोळ्याला एकट्या लाल्याचाच खांदा शेकला, म्हणाले, एकट्यालाच आवतण दिलं.

 चांद्याला कुणी आवतण दिलं नसेल, हे बाबांचं बोलणं मला तेव्हा आठवलं.

तुम्ही म्हणाल, दुसरा बैल असेल. आसपासच्या गावांत विचारून झालं, तसा बैल कुणाचाच नव्हता. फोटो आहे का? आहे. टाकणार नाही. बैलाचा फोटो बैलासारखाच दिसतो, आणि खाली कुणीतरी हसण्याची चिन्हं टाकणार. माझ्या बाबांच्या चांद्यावर हसू देणार नाही मी. शर्ट मात्र दादानं धुतलेला नाही.

लाल्याला आम्ही परत आणला. बाबांना सांगितलं, चांद्याला नामदेवराव सोडायला तयार नाहीत, फार कामाचा आहे. बाबांना ते पटलं, उलट अभिमान वाटला. आता रोज संध्याकाळी बाबा आणि दादा शेजारी बसून गेम खेळतात. दुसरा रिमोट, माझा, दादाच्या हातात असतो. सोमवारी दोघंही बैल जुंपत नाहीत. हसतात.

आणि मी दुकानात बसतो. झोपडं पेटवून तोच शेकत बसलाय असं वाटतं मला दादाकडे बघितलं की. चांद्या आमच्या गोठ्यात असता तर त्या झाडाखाली नसता, एवढी साधी गोष्ट आहे. बाबांना ती माहीत नाही म्हणून त्यांनी माफ केलं. मला माहीत आहे. फुलसावंगीहून परतल्यापासून मी दादाशी एक शब्द बोललेलो नाही. घरात मीठ आता मी आईकडून मागतो.

काच कशी कोरी झाली, तो कुठून आला, कुठे गेला... झाकण उघडून दाखवता येईल असं यात काहीच नाही. पोळा पुन्हा जवळ आलाय. काल बाबा म्हणाले, "औंदा खांदा तू शेक. माये हात कापतात. चांद्याले नीट आवतण दे."

मी हो म्हणालो नाही. तो येणार नाही याची मला भीती नाही. तो आला आणि माझ्यादेखत पुन्हा सरळ दादाकडे गेला, तर मी कुठे बघू?