केसरबाईंचे कार्ड

केसरबाईंची आणि माझी ओळख पणदऱ्याच्या विहारात भरणाऱ्या साक्षरता वर्गात झाली. तसे पाहता त्याआधी वीस वर्षे त्या आमच्या उसात खुरपणीला येत होत्या. मी त्यांना बांधावर पाणी देत असे, त्या मला ‘वैनी’ म्हणत असत. परंतु त्यांच्या मनात काय आहे हे मी कधी विचारले नव्हते, म्हणून त्याला मी ओळख म्हणत नाही. १९९३ साली वर्ग सुरू झाला. दुपारी तीन वाजता आम्ही अकरा बायका सतरंजीवर बसू लागलो. मी चोपन्न वर्षांची होते आणि केसरबाई साठीला आलेल्या होत्या. पुस्तके कमी पडल्यामुळे आम्हा दोघींत एकच पुस्तक आले. ते मधे धरून बसताना आमचे गुडघे एकमेकींना लागलेले असत.

केसरबाईंचे माहेर कोऱ्हाळे बुद्रुक. बाराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. छप्पन्न साली सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांना नांदायला येऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. नवरा ज्ञानू लवकर वारला. त्यांनी मजुरी करून करुणा आणि समाधान ही दोन लेकरे मोठी केली. समाधान जळोचीच्या एका शाळेत शिपाई झाला. तो आईला म्हणाला होता, “आये, आता या वयात पाटी घिऊन कशाला बसतीस? काय लिवायचं आसंल तर मी हाय की.” तरी केसरबाई पाटी घेऊन येत राहिल्या. कारण त्यांना जे लिहायचे होते ते दुसऱ्याच्या हातून लिहून चालणार नव्हते.

ती गोष्ट त्यांनी मला वर्गाच्या चौथ्या महिन्यात सांगितली. त्यांना एक धाकटी बहीण होती, बानूबाई. ती फलटणच्या पुढे घाट चढून गेल्यावर माणदेशातल्या एका वस्तीवर दिलेली होती. १९७९ साली करुणाचे लग्न झाले, तेव्हा बानूबाईंनी बहिणीसाठी एक हिरवे लुगडे आणले. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून मिळालेल्या मजुरीतून ते घेतलेले होते. लग्नात आलेले लुगडे पुढे दुसऱ्याला आहेर म्हणून देण्याची आमच्याकडे सर्रास रीत आहे. त्या दिवशी नणंद आहेरावरून रुसली, लुगडी कमी पडली, आणि गडबडीत केसरबाईंनी तेच हिरवे लुगडे नणंदेला दिले. नणंद ते नेसून पंगतीला बसली. तिच्या समोरच्याच पानावर बानूबाई बसलेल्या होत्या.

“तिनं लुगड्याकडं बघितलं, मग माज्याकडं बघितलं,” केसरबाईंनी मला सांगितले. “पानावरनं उठली आन यष्टीच्या रस्त्याला लागली. म्या माघारी बोलवाया पायजे हुतं. पर मांडवात शंभर माणूस. लाज वाटली वैनी.”

त्यानंतर पंधरा वर्षे दोघी बहिणींची गाठ पडली नाही. दुसऱ्याच्या तोंडून माफी मागणे केसरबाईंना खोटे वाटत होते. स्वतःच्या हाताने चार ओळी लिहायच्या, एवढ्यासाठी त्या वर्गात आल्या होत्या.

१९९४ च्या श्रावणात त्यांनी बहिणीला पोस्टाचे कार्ड लिहिले. मी शेजारी बसले होते. त्यात असे होते : ‘बानू, माझे चुकले. लुगडे द्यायला नको होते. दसरा झाला की मी तुला भेटायला येते. तुझी केसर.’ हे लिहायला त्यांना दोन दुपारी लागल्या. शेवटी नाव लिहिताना पेन गळला आणि कार्डाच्या खालच्या कोपऱ्यावर शाईचा मोठा डाग पडला. त्या रडकुंडीला आल्या. दुसरे कार्ड आणून पुन्हा सगळे लिहावे, तर अक्षर इतके चांगले येईल याची त्यांना खात्री नव्हती.

“डाग पडलेलं कार्ड कसं पाठवू? ती म्हनंल, हितं बी घाण केली.”

तेव्हा मी म्हणाले, “आवं, कोपरा तेवढा फाडून टाका. अक्षराला कुठं धक्का लागतोय?”

त्यांनी पट्टी ठेवून कोपरा सरळ फाडला. मला ते कार्ड स्वच्छ आणि सुंदर दिसले. मीच ते पेटीत टाकले.

मरणाच्या बातमीचे कार्ड कोपरा फाडून पाठवतात, ही रीत आम्हा दोघींना ठाऊक नव्हती असे नाही. लहानपणापासून आम्ही तशी कार्डे आलेली पाहिली होती. परंतु त्या दिवशी आमचे सगळे लक्ष अक्षरांवर होते. काना, मात्रा, वेलांटी आम्ही तीन तीन वेळा तपासली. कोपऱ्याकडे दोघींपैकी एकीनेही पाहिले नाही.

कार्डाला उत्तर आले नाही. केसरबाई म्हणत, “तिला कुठं लिवता येतंय? उत्तर न्हाय म्हंजी राग हाय असं थोडंच?” परंतु रोज वर्गाला येताना त्या पोस्टाच्या दारावरून येत असत.

दसरा झाला आणि आमची शेवटची पुस्तिकाही संपली. वर्गातली म्हाळसा फार बोलकी बाई. तिने टूम काढली की आता आपण बायकांनी कुठेतरी फिरून यायचे, म्हणजे वाचलेले कामी येईल. माझा भाचा संभाजी इंदापुरात भाड्याची जीप चालवत असे. त्याला बोलावले. जायचे कुठे, असा प्रश्न आला तेव्हा मी केसरबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “माज्या भैनीकडं चला.” अखेर म्हाळसा, केसरबाई आणि मी अशा तिघीच निघालो, कारण बाकीच्यांच्या घरी नको म्हणाले.

सकाळी लवकर पणदरे सोडले. उसाला नुकते तुरे येऊ लागले होते. म्हाळसा पुढच्या सीटवर बसून रस्त्यावरची एकूणएक पाटी मोठ्याने वाचत होती.

“संभा, ‘पुढे वळण आहे’. वळव की!”

“मावशे, वळण आल्याव वळवतो. आत्ताच वळवली तर उसात जाऊ.”

“‘वाहने सावकाश चालवा’. आयकलं का? सरकार बी तुलाच सांगतंय.”

“तुला वाचाया कुणी शिकवलं गं? त्यास्नी म्या धरून हाणणार हाय.”

आम्ही पोट धरून हसलो. केसरबाईही हसल्या. नीरेच्या पुलावर आम्ही पाण्याला हात जोडले. फलटणला चहा आणि भजी खाल्ली. तिथे एका दुकानात केसरबाईंनी बहिणीसाठी लुगडे निवडले. दुकानदाराने दहा लुगडी उलगडली. त्यांनी हिरव्याला हात लावला नाही, जांभळे घेतले.

फलटण सुटल्यावर ऊस मागे पडला. मोगराळ्याचा घाट लागला तेव्हा दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर गवत पिवळे झालेले होते आणि वारा कोरडा होता. केसरबाई मांडीवर लुगडे घेऊन ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होत्या.

“काय पाठ करताय?” मी विचारले.

“पयलं काय बोलू ते. दारात गेल्या गेल्या माफी मागू का आदी ख्यालीखुशाली इचारू?”

म्हाळसा मागे वळून म्हणाली, “पयलं म्हण, भूक लागलीया. भैन हाय, वाढल्याबिगर ऱ्हाती व्हय? एकदा ताट पुढं आलं की भांडान जागच्या जागी मिटतंय.”

केसरबाईंना ते पटले. पुढे दोनदा त्या स्वतःशीच म्हणाल्या, “भूक लागलीया म्हणती.”

घाट चढून आम्ही विचारत विचारत वस्तीवर पोहोचलो, तेव्हा दुपार होत आली होती. अंगणात बाजरीची कणसे वाळत पडली होती. एक तरुण बाई सूप घेऊन पाखडत होती. ती बानूबाईंची सून सारजा, हे नंतर कळले. तिचे लग्न अलीकडचे, त्यामुळे तिने केसरबाईंना कधी पाहिले नव्हते.

“कोण पायजे?” तिने विचारले.

केसरबाईंनी पदर सावरला. घोकलेले सगळे त्या विसरल्या असाव्यात. “बानू हाय का घरात? तिला म्हणावं, पणदऱ्याची केसर आलीया.”

सारजाच्या हातातले सूप खाली गेले. ती दोन पावले मागे सरली.

“पणदऱ्याची मावशी? मावशी तर… मावशी तर वारल्या की.”

म्हाळसा चिडली. “आगं ए, तुजी मावशी तुज्याम्होरं उभी हाय. जिभंला काय हाड हाय का न्हाय?”

सारजा रडू लागली. हुंदके देत तिने जे सांगितले ते असे. श्रावणात शेजाऱ्याने पोस्टातून एक कार्ड आणून दिले. पणदऱ्याचे आहे असे पोस्टात सांगितले आणि कोपरा फाटलेला आहे, एवढेच तो दारातून बोलला. त्याला वाचता येत नव्हते आणि घरातही वाचता येणारे कोणी नव्हते. असे कार्ड घरात ठेवायचे नाही म्हणून बानूबाईंनी ते उंबऱ्याबाहेरच हाताने फाडले. त्यांनी डोक्यावरून पाणी घेतले आणि माझी केसर गेली म्हणून त्या मोठ्याने रडल्या.

“म्या म्हणलं, आत्याबाई, तुमी पणदऱ्याला जाऊन या. तर म्हणल्या, ती जित्ती हुती तवा गेले न्हाय, आता कुणाचं त्वांड बघाया जाऊ? रोज येकच म्हणायच्या, लुगड्यापायी म्या भैन घालवली. आन्नावरची वासनाच गेली त्यांची. भादव्यात गेल्या.”

“आमाला कळवलं न्हाय?” हे मी विचारले. विचारायला नको होते.

“कुणाला कळवणार?” सारजा म्हणाली. “आमाला वाटलं, मावशीच न्हाय.”

केसरबाई अंगणातच खाली बसल्या. बराच वेळ त्या वाळत घातलेल्या कणसांवरून हात फिरवत राहिल्या. मला वाटले, आता त्या माझ्याकडे पाहतील आणि कोपऱ्याविषयी बोलतील. त्यांनी पाहिलेही नाही आणि त्या बोलल्याही नाहीत. पुढे तीन वर्षांहून अधिक त्या जगल्या, परंतु त्या सल्ल्याचा दोष त्यांनी मला एकदाही दिला नाही. दिला असता तर मला सोपे गेले असते.

सारजाने भाकरी वाढली. केसरबाईंनी ताटाला नमस्कार करून ते बाजूला सारले. निघताना जांभळे लुगडे त्यांनी सारजाच्या हातात ठेवले. “तुला नेसायचं तर नेस, कुणाला द्यायचं तर दे. माजं काय म्हणणं न्हाय,” असे त्या म्हणाल्या. सारजा पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला आणि बानूला शेवटी फार त्रास झाला का, एवढेच विचारले.

परतताना म्हाळसाने एकही पाटी वाचली नाही. संभाजीने टेप लावला नाही.

त्यानंतर केसरबाई वर्गाला येत राहिल्या. त्या वर्तमानपत्र अडखळत वाचत असत, सही करत असत. पण त्यांनी कोणालाही पुन्हा पत्र लिहिले नाही. १९९८ च्या माघ महिन्यात त्या झोपेतच गेल्या. समाधान कार्डे आणायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवले. संभाजीची जीप बोलावून कोऱ्हाळ्याला आणि मग घाटावर मी स्वतः गेले. सारजाने मला ओळखले आणि मी तोंड उघडण्याआधीच ती रडू लागली.

मी गेले, कारण बानूबाईंच्या वस्तीवरून परतताना त्या दिवशी घाटात जीप तापली होती. संभाजी पाणी आणायला गेला होता आणि केसरबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि त्या म्हणाल्या, “वैनी, मी गेले म्हंजी कुणाला कार्ड टाकू दिऊ नगा. तुमी सोता जावा, आन दारात उभं ऱ्हाऊन तोंडानं सांगा.”