केळीतला खड्डा

लेक तीन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज तासभर धरून उभी करा. पापडी गावातल्या आमच्या वाडीत, पाणी काढायच्या वेळी, तासभर धरणार कोण? मग नवऱ्याने केळीच्या बागेत तिच्या कमरेइतका खड्डा खणला. तिला त्यात उभी करून, भोवती सुकी पानं खोचून मी कामाला लागायचे. ती मातीवर हात आपटत हसायची.

चर्चमधला मिस्सा आटपून जाणाऱ्या बायका कुंपणाशी थांबायच्या. "चालायला लागली का गं?" चालली असती तर मी सांगितलं नसतं?

पावसात खड्डा बुजून जायचा. पाऊस सरला की नवरा पुन्हा खणायचा, दर वर्षी थोडा जास्त खोल.