चुन्याची रांग

जेट विमान डोक्यावरून गेलं की आमचं सगळं भुकूम गाव वर बघायचं. धनगर मामा मात्र डोक्याचा पटका काढून हातात घ्यायचा आणि खाली, पायांपाशी बघायचा.

"मामा, विमान वर आहे," मी एकदा म्हणालो.

"वरलं निगून जातंय, भाऊसाहेब. खाली कोन हाय त्ये बगावं."

धनगर काही बोलला की त्यात तत्त्वज्ञान शोधायची खोड मला नाही. मी विषय सोडून दिला. तो काय बघत होता, ते पुढे नोकरीच्या जागी कळलं.

भुकूमच्या डोंगरकडेला त्याचं घर, खाली आमचं. मी पुण्यापलीकडच्या विमानांच्या तळावर, भांडारात कारकून होतो. आठवडाभर तिकडे, रविवारी गावी. तळ इंग्रजांनी युद्धात मुंबईच्या राखणीसाठी बांधलेला. इंग्रज गेले, राखण राहिली. पुढे पंख्यांची विमानं जाऊन जेट आली. त्यांना धावायला जास्त जागा लागते, म्हणून धावपट्टी लांबली आणि तिच्यामागोमाग तारेचं कुंपणही माळावर सरकलं. सरकारी भाषेत तो माळ पडीक होता.

आमच्या मुळशीकडच्या पावसात मेंढ्यांचे खूर सडतात. म्हणून पाऊस लागायच्या आधी मामा आणि मामी कळप घेऊन पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडे निघत. वाट तळाजवळून जायची. कुंपण सरकलं त्या साली फाटकाशी गलका ऐकून मी गेलो, तर पहारेकरी बंदूक आडवी धरून उभा, समोर मामा दुधाचा तांब्या घेऊन, आणि मागे रस्ताभर मेंढ्या.

"काय झालं, मामा?"

"आत सोडंना ह्यो. लेकीला दूद घालायचंय."

अशाच एका वाटचालीत त्यांची लहान मुलगी त्या माळावर तापानं गेली होती. तिथंच तिला पुरलं, उशाला एक काळा दगड ठेवला आणि मेंढ्यांमागे चालू लागले. मेंढ्या कुणासाठी थांबत नाहीत. तेव्हापासून दर साली जाताना तो तिथं शेळीची धार काढून दगडावर दूध घालायचा. आता दगड कुंपणाच्या आत होता.

आमचे अधिकारी सज्जन होते. पहारेकरी बरोबर देऊन त्यांनी परवानगी दिली. मग तो रिवाजच पडला. मामा चर ओलांडताना अडखळला की पहारेकरी एका हातात बंदूक आणि दुसऱ्यात तांब्या धरायचा. इतकं बिनदिखाव्याचं संचलन मी त्या तळावर दुसरं पाहिलं नाही.

"राग नाही येत, मामा? जागा गेली."

"कशापायी? रातंदिस बंदुका घिऊन राखन हाय तिला. कोल्ह्याचं भ्या न्हाई." मग तांब्या सावरत, "ह्या इमानांनी दचकत आसंल, एवडंच."

मग एका साली मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. पाहणी म्हणजे चुना. साहेबांची मोटार जिथून जाणार त्या वाटेच्या कडेला दगड मांडायचे आणि पांढरे करायचे. ज्या वाटेवर एरवी कुत्रंही फिरकत नसे, तिलाही शिस्त लागली. मजुरांनी माळावरचे दगड वेचले, रोलरनं जमीन सपाट केली. मी भांडारातून चुन्याची पोती दिली होती. दगड कुठून येणार हे कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी मामा आला. माळ त्याला ओळखू येईना. खुणेची बाभळ नव्हती, उंचवटा नव्हता.

"भाऊसाहेब, पोर कुटं हाय?"

मी रांगेकडे बोट दाखवलं. "त्यातलाच एखादा दगड असेल, मामा."

सगळे दगड एका उंचीचे, एका रंगाचे. मग त्यानं पटका काढून काखेत धरला, पहिल्या दगडापाशी वाकला आणि दुधाचा थेंब टाकला. मग दुसऱ्यावर. पहारेकरी मागून तांब्याकडे बघत चालला होता. चुन्यावर दूध दिसत नाही. रांग अर्धीही झाली नसेल, तांब्या रिकामा झाला. त्यानं तो उपडा करून झटकला.

"शेळी आटलीया औंदा," तो म्हणाला. "ऱ्हायलेल्यांना फुडल्या साली घालीन."

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब त्याच वाटेनं गेले. रांग सरळ होती, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं.

त्या हिवाळ्यात मामा छातीच्या दुखण्यानं गेला. मला रविवारी गावी गेल्यावर कळलं.

पाऊस जवळ आला तेव्हा मेंढ्या पुन्हा फाटकाशी थांबल्या. मामी एकटी पुढे आली. पहारेकऱ्यानं फाटक उघडलं आणि आम्ही तिला रांगेपाशी नेलं.

"भाऊसाहेब, त्येनी कुटपातूर घातलं व्हतं?"

दगडांना नव्यानं चुना बसला होता. मी रांगेवरून नजर फिरवली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "म्या पयल्यापसनं घालते."

तिनं डोक्यावरून उतरवली ती दुधाची कळशी होती.