पास्कलचे बारा प्रोग्राम

१४ जूनची गोष्ट. कॉलेजातल्या आमच्या विभागाच्या नव्या संगणकावर प्रोग्रामिंगच्या कोणकोणत्या भाषा चालतात, त्याची यादी करायची होती. लॅबमधले सगळे पडदे या एकाच संगणकाला जोडलेले, त्यामुळे त्याच्यावर जे नाही ते मुलांना शिकवता येत नाही. सी, जावा, पायथन होत्या. पास्कल नव्हती, आणि आठवड्यावर पास्कलची प्रॅक्टिकल परीक्षा आली होती.

परीक्षेला एकच बाई. जुन्या अभ्यासक्रमातली, लग्न होऊन खटकचिंचोळीला गेली आणि हा विषय राहिला. ही तिची शेवटची संधी होती. पदवी हातात नसेल तर तालुका कचेरीतलं कंत्राटी काम जाणार होतं.

विभागप्रमुख म्हणाले, “एकटीसाठी कामून एवढं करायलात मॅडम? सीमध्ये लिही म्हणा की तिला.”

“प्रश्नपत्रिका तुम्हीच काढलीत सर. पास्कल लिहिलंय त्यात.”

पास्कल फुकट मिळते, पण आमच्या संगणकावर बसेल अशी शोधण्यात दुपार गेली. शेवटी चालली. मी तिला फोन करून सरावाला बोलावलं.

दोन दिवसांनी ती हुमनाबादला बस बदलून आली. तिच्या वेळी लॅबमध्ये चार संगणक आणि साठ मुलं. आम्ही प्रोग्राम फळ्यावर लिहायचो, मुलं वहीत उतरवून पाठ करायची. घरी संगणक नसल्यामुळे तिनंही परीक्षेचे बाराच्या बारा प्रोग्राम पाठच केले होते. पहिला तिनं वही न उघडता टाइप केला: दहा मुलांच्या गुणांतून सर्वांत जास्त गुण शोधायचे. गुण भरले, शेवटच्याला एक्याण्णव. पडद्यावर उत्तर आलं चौऱ्याऐंशी.

“मशीनच चुकायलंय मॅडम.”

“नवं हाय न्हवं,” दारातून शिपाई अक्का म्हणाल्या. “रुळंल हळूहळू.”

मी वही मागून घेतली. मोजणी नऊवरच थांबत होती. दहाव्या मुलाचे गुण बघितलेच जात नव्हते.

“ही ओळ कुठून घेतलीस?”

“फळ्यावरनं. तुमीच लिव्हल्यालं हाय की.”

खरं होतं. तो प्रोग्राम मी डोक्यातून फळ्यावर लिहायची. संगणकावर कधी चालवून पाहिला नव्हता. कितीतरी वर्गांनी तो तसाच पाठ केला असेल. बाहेरच्या परीक्षकानं मोठा आकडा शेवटी टाकला असता तर ही बाई तिथंच नापास झाली असती.

“चूक माझी आहे,” मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातल्या वहीची पुढची पानं उलटली. “मग बाकीचे अकरा?”

तेही मी कधी चालवून पाहिले नव्हते. तिची शेवटची बस साडेपाचची होती आणि परीक्षेपर्यंत आणखी रजा मिळणार नव्हती. वही ठेवून घेतली तर तिनं वाचायचं काय? मी मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले आणि तिला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लॅब उघडली आणि अकराही प्रोग्राम टाइप करून चालवले. आणखी दोन चुकीचे निघाले. तिची कचेरी उघडायच्या आत फोन केला. दोन्ही ठिकाणी काय बिघडतंय ते आधी समजावलं, मग दुरुस्त ओळ तिची तिलाच सांगायला लावली.