डावीकडे ओढणारी गाडी आणि हरभऱ्याचं पोतं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी बोलतो सावकाश, मध्येच कुणी हसलं की माझा धागा तुटतो. आणि ही फजिती अशी आहे, की एकदाची सांगून मोकळं व्हावं!

आमचं गाव निलंग्याजवळ. सगळा जन्म बैलगाडीवर गेला. मग आमच्या मुलानं, नांदेडच्या बालाजीनं, नवी कार घेतली आणि जुनी मला दिली. या वयात मी शिकलो, लायसन काढलं. कशासाठी? तर आमच्या मंडळीसाठी. तिचे गुडघे धरलेले. एसटीची पायरी चढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आता दर गुरुवारी आम्ही दोघं शिरूर अनंतपाळला लेकीकडे, सुमनकडे, जाऊन येतो. गुरुवारी पहाटेच मंडळीची पिशवी भरून दारात असते हो!

अशा गाडीला एक दिवस खोड लागली. वाटेत खड्ड्यात दणकन आदळली, आणि तेव्हापासून डावीकडे ओढायला लागली. हात जरा सैल केला की निघाली उसाच्या फडाकडे!

दुसऱ्या कुणी गाडी मेकॅनिककडे नेली असती. मी काय केलं? मी विचार केला. तिथंच घोटाळा झाला.

बैलगाडी एका अंगाला कलायला लागली की आम्ही आतलं ओझं दुसऱ्या अंगाला सरकवतो. कारचं काय वेगळं असणार? चाकं तर तिलाही आहेत! मी मंडळीला म्हणालो, "आजपासून तू म्होरं बसू नको. माझ्या मागं बस, उजवीकडं."

"का म्हून?"

"तिकडं वजन पाहिजे."

"वजन? मी काय पोतं हाय का?"

खरं सांगू? तिच्या एकटीनं भागेना, म्हणून पोतंही ठेवलं. हरभऱ्याचं, डिकीत, उजव्या कोपऱ्यात. तरी गाडी डावीकडेच. मग मी स्टिअरिंगच उजवीकडे वळवून घट्ट धरायला लागलो, तेव्हा कुठं ती सरळ जाऊ लागली. मनगटं दुखायची, पण मी खूश. मला वाटायचं, पोतं काम करतंय!

पुढं एका गुरुवारी मंडळीनं हे सगळं लेकीला चहाबरोबर वाढलं. सुमननं तिथल्या तिथं भावाला फोन लावला. रविवारी बालाजी दारात हजर.

"अण्णा, तुमच्या हातात आता जोर ऱ्हायला न्हाई. कुठं तरी धडकताल. चावी द्या, गाडी मी नांदेडला नेतो."

 मंडळी नुसती गुडघ्यावरून हात फिरवत बसली. ते मला बघवलं नाही.

"एकदा तू चालवून बघ," मी म्हणालो. "मग ने."

मोकळ्या रस्त्यावर बालाजीनं स्टिअरिंगवरचे हात क्षणभर उचलले. गाडी निघाली फडाकडे!

"अण्णा, ह्यात तुमची चूक न्हाई! अलाइनमेंट गेलंय गाडीचं!"

माझ्या जिवात जीव आला. म्हातारपण माझं नव्हतं, गाडीचं होतं!

तसेच आम्ही तिघं लातूरला गेलो, महेबूबभाईच्या दुकानात. त्यांनी पुढच्या टायरवरून हात फिरवला. "हे बघा चाचा. एका कडेला पार गुळगुळीत, दुसरी कड अजून शाबूत. चाकं तिरकी चालून राहिली. पहिल्याच दिवशी आणायची की!"

"मी इलाज करायलो होतो."

"कंचा इलाज?"

 मंडळीनं डिकीकडे बोट दाखवलं. "बैलाचा!"

महेबूबभाईंनी पोतं बघितलं आणि हसत हसत खालीच बसले.

मग त्यांनी चाकांना प्लेटा अडकवल्या, संगणकावर रेघा बघितल्या, खाली शिरून नट पिळले आणि चाकं सरळ केली. बालाजी फेरी मारून आला. "लोण्यावाणी चालायली! अण्णा, आता तुमी चालवा. सरळ चालवली तर चावी तुमची."

सगळं दुकान बघत उभं राहिलं. मी बसलो. गिअर टाकला. आणि हातांनी सवयीप्रमाणे स्टिअरिंग उजवीकडे वळवून घट्ट धरलं!

गाडी आता शहाणी झाली होती ना! सांगितलेलं मुकाट ऐकलं, उजवीकडे वळली आणि जुन्या टायरांच्या ढिगात तोंड खुपसून थांबली. वरचं एक टायर गडगडत येऊन बॉनेटवर बसलं.

 मी काच खाली करून विचारलं, "महेबूबभाई, गाडीत कायतरी ऱ्हायलं का?"

"गाडी एकदम सीधी आहे, चाचा. तिरके तुम्ही झालात!"

"मग मला घ्या की मशीनवर."

"माणसाचं इथं होत न्हाई. मोकळ्या मैदानात चालवत राहा, हळूहळू येईल लायनीत."

बालाजीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्यानं गाडी गावात ठेवली, पण चावी आईच्या हातात दिली. "सरळ चालवायला लागले की दे त्यांना."

आता रोज सकाळी शाळेच्या मैदानात माझ्या फेऱ्या चालतात. मंडळी कडेला खुर्ची टाकून बसते आणि तिथून ओरडते, "आवं, पुन्हा उजवीकडं चाललाव!" गुरुवार जवळ आला की तिचा आवाज आणखी चढतो.

गाडी तासाभरात सरळ झाली. मी मात्र अजून दुरुस्तीत आहे, आणि माझा मेकॅनिक दुपारच्या चहालाही सुट्टी घेत नाही!