लोर्नाने एक नाव सांगितलं

लोर्ना हॉगन आमच्या शाळेची नर्स. बावीस वर्षं. मी तिथल्या स्वयंपाकघरात होते, त्यामुळे दुपारची कॉफी आम्ही बरोबरच घ्यायचो. मोंटानातलं आमचं गाव एवढंसं. प्रत्येक पोराचा दंड तिने कधी ना कधी धरलेला.

दर ऑगस्टमध्ये ती लसींचे दाखले तपासायची. दाखला नसेल त्या घरी फोन: लस टोचून घ्या, नाहीतर सूट मागणारा फॉर्म भरा. सुरुवातीला वर्षाला दोन-तीन फॉर्म यायचे. नंतर खण भरायला लागला. एका ऑगस्टमध्ये तिची मुलगी ब्रिटाच फॉर्म घेऊन आली. नातीचा, हेझलचा. कारण लिहिलेलं: धार्मिक श्रद्धा.

"चर्चमध्ये शेवटची कधी गेली होतीस?" लोर्नाने विचारलं.

"आई, तुझं काम शिक्का मारायचं. मार."

लोर्नाने मारला. हे तिनेच मला सांगितलं, कॉफी ढवळत.

दोन वर्षांनी, जानेवारीत, हेझलच्या वर्गातली टेस शाळेत परत आली. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार अजून चालू होते. औषधांनी पोरीच्या अंगातली ताकद धुऊन नेलेली, आणि गोवराची लस तिला देता येत नव्हती. तिची आई जोलीन नर्सच्या खोलीत आली.

"नावं नको सांगूस. वर्गात लस न घेतलेली किती पोरं आहेत, तेवढं सांग."

एकोणीसपैकी सात. पण मुख्याध्यापकांनी बजावलं होतं की एवढ्याशा वर्गात आकडा सांगणं म्हणजे नावं सांगणंच.

"मला सांगता येत नाही गं," लोर्ना म्हणाली.

"म्हणजे आहेत."

लोर्नाने फॉर्मांचा खण लावून घेतला. तरीही जोलीनने पोरीला शाळेत ठेवलं. वर्षभर टेसने खिडकीतूनच पोरं पाहिली होती, तिला आणखी घरी डांबायचं जोलीनच्या जिवावर आलं.

एप्रिलमध्ये हेझल तीन दिवस शिंकत शाळेत येत होती. चौथ्या दिवशी वर्गाच्या बाईंनी तिला लोर्नाकडे पाठवलं. डोळे लाल, अंग तापलेलं, कानामागे पुरळ. लोर्नाने आधी ब्रिटाला फोन करून न्यायला बोलावलं. लगेच दुसरा फोन जोलीनला.

"टेसला आत्ताच्या आत्ता शहरातल्या हॉस्पिटलात ने. हेझलला गोवर आहे. दोघी एकाच बाकावर बसतात."

हॉस्पिटलने गोवर रोखायच्या दुसऱ्या सुया दिल्या, पण उशीर झाला होता. गोवर टेसच्या फुप्फुसांत उतरला. मे महिन्याच्या अखेरीस ती गेली. हेझल दहा दिवसांत खेळायला लागली होती.

जूनमध्ये शाळेच्या मंडळाकडे तक्रार आली. नर्सने एका मुलीचा आजार नावानिशी बाहेर सांगितला म्हणून. तक्रारीखाली ब्रिटाची सही होती.

सुनावणीला मी गेले होते. तुमचं काही म्हणणं आहे का, असं विचारल्यावर लोर्ना उठली.

"नाव सांगितलं, हे खरं आहे. आकडा जानेवारीत सांगायला हवा होता."

तिला काढलं. ती भांडली नाही. जोलीन तिला दोष देत नाही, पण दुकानात समोर आली की दुसऱ्या रांगेत जाते. पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या नर्सकडे टेसच्या वर्गातल्या पोरांचे नऊ फॉर्म आले. आधी सात होते.

ब्रिटाला शनिवारी कामावर जावं लागतं, म्हणून हेझल आजीकडे येते. ब्रिटा गाडीतून उतरत नाही. मी विचारलं, "तू घेतेस तरी कशी तिला?"

"त्या पोरीने काय केलंय?" लोर्ना म्हणाली.

मागच्या शनिवारी जेवताना हेझलने तिला विचारलं, टेस कशाने मेली. लोर्नाने सांगितलं, गोवराने.

"मलापण झाला होता ना?"

"हो."

"मग तिला कुणाकडून झाला?"

नियम आहे, सांगता येत नाही, असं लोर्ना नातीला म्हणाली.